प्राणी-ऊतींतील आर.एन.ए. निष्कर्षण पद्धतींची तुलना : एक चिकित्सा

प्रस्तावना :
ऊतीतील कोणते जनुक किती कार्यरत आहे, या प्रश्नाचा शोध बहुधा त्या ऊतीतून आर.एन.ए. वेगळे करण्यापासून सुरू होतो. त्यामुळे निष्कर्षणाच्या पद्धतींची तुलना करणारे शोधनिबंध सातत्याने प्रसिद्ध होत असतात. यांपैकी अनेक निबंधांत मिळालेल्या आर.एन.ए.चे प्रमाण आणि शुद्धतेचे गुणोत्तर एवढ्यावरून ‘सर्वोत्तम’ पद्धत ठरवली जाते. ही कसोटी पुरेशी आहे काय, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पद्धतींची वाटचाल :
आर.एन.ए.चे तुकडे करणारे रायबोन्यूक्लिएज हे विकर ऊतीत तर असतेच, शिवाय हाताच्या त्वचेवरही असते. ते उकळूनही पूर्णपणे निष्क्रिय होत नाही. चर्गविन व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये ग्वानिडिनियम थायोसायनेट वापरून, या विकराने समृद्ध असलेल्या उंदराच्या स्वादुपिंडातून अखंड आर.एन.ए. मिळवले. चॉमचिन्स्की व साकी यांनी १९८७ मध्ये या रसायनाला आम्लधर्मी फिनॉल व क्लोरोफॉर्म यांची जोड दिली. आम्लधर्मी स्थितीत डी.एन.ए. व प्रथिने मधल्या आणि खालच्या स्तरांत जातात, तर आर.एन.ए. वरच्या जलीय स्तरात राहते. बूम व सहकाऱ्यांनी १९९० मध्ये न्यूक्लिक आम्ले सिलिकावर बांधून धुण्याची पद्धत मांडली. आजची सिलिका कॉलमची किट याच तत्त्वावर आधारलेली आहेत.

प्रचलित कसोट्यांच्या मर्यादा :
२६० व २८० नॅनोमीटरवरील शोषणांकांचे गुणोत्तर २.० च्या आसपास आले की नमुना शुद्ध मानला जातो. परंतु पूर्णपणे तुटलेले आर.एन.ए.ही हेच गुणोत्तर देऊ शकते. डी.एन.ए.ची भेसळ असल्यास २६० वरील शोषण वाढते आणि ती भेसळ आर.एन.ए. म्हणूनच मोजली जाते. म्हणजे कमी शुद्ध पद्धत अधिक फलदायी ठरण्याचा धोका संभवतो. अखंडता पाहण्यासाठी २८एस व १८एस हे पट्टे किंवा २००६ मध्ये मांडला गेलेला १ ते १० या श्रेणीतील अखंडता-अंक तपासावा लागतो.

दुसरी त्रुटी अधिक मूलभूत आहे. नेहमीच्या सिलिका कॉलममधून सुमारे २०० न्यूक्लिओटाइडपेक्षा लहान रेणू बहुतांशी निसटतात. फिनॉल पद्धतीत मात्र ट्रान्सफर आर.एन.ए.सारखे लहान रेणूही एकूण वजनात मोजले जातात. त्यामुळे फिनॉल पद्धतीने ‘अधिक’ आर.एन.ए. मिळाले, या विधानात दोन भिन्न गोष्टींची तुलना झालेली असते.

तथापि फिनॉल पद्धतही निर्दोष नाही. सोल येथील व्ही. नॅरी किम यांच्या गटाने २०११ मध्ये असे मांडले होते की, पेशींची परस्परांशी असलेली जोडणी सुटली की काही मायक्रो आर.एन.ए. नष्ट होतात. पुढे गटाने तो निबंध मागे घेतला आणि २०१२ मध्ये त्यामागचे कारण प्रसिद्ध केले. पेशींची संख्या कमी असताना, ज्यांत ग्वानिन व सायटोसिनचे प्रमाण कमी आहे असे काही लहान रेणू निष्कर्षणातच गळून जात होते. पद्धतीतील गळती हा पेशीचा गुणधर्म समजला गेला होता. हे प्रयोग ऊतींवर नव्हे, तर पेशींवर झाले होते. परंतु सुईने घेतलेल्या अल्प ऊती-नमुन्याबाबतही हीच सावधगिरी आवश्यक ठरते.

ऊतींचे वैविध्य :
यकृतातून आर.एन.ए. विपुल व सहज मिळते. म्हणून तुलनेसाठी ते सोयीचे असते. परंतु हृदय, स्नायू व त्वचा यांतील तंतुमय प्रथिनांसाठी बहुधा प्रोटिनेज-के या विकराची पूर्वप्रक्रिया लागते. मेदऊतीत चरबीचा थर अडथळा आणतो, तर प्लीहेतील विपुल डी.एन.ए.मुळे कॉलम तुंबू शकतो. यकृतावर ठरलेला क्रम या ऊतींना जसाच्या तसा लावणे शास्त्रीय ठरत नाही. तसेच ऊती काढल्यापासून गोठवण्यापर्यंतचा अवधी नमुन्यागणिक बदलला, तर तुलना पद्धतींची न राहता हाताळणीची होते.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, ‘सर्वोत्तम पद्धत कोणती’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या ऊतीतून, कोणत्या आकाराचे रेणू, कोणत्या उपयोगासाठी हवेत, हे आधी निश्चित झाले पाहिजे. तुलना करताना द्रव नायट्रोजनमध्ये कुटलेल्या एकाच ऊतीचे समान वजनाचे भाग सर्व पद्धतींना द्यावेत, डी.एन.ए. काढून टाकावे आणि प्रमाण, शुद्धता व अखंडता यांची स्वतंत्र नोंद करावी. शिवाय ज्ञात प्रमाणात बाहेरून मिसळलेला आर.एन.ए. किती परत मिळाला, हेही पाहावे. मर्यादित साधनांच्या प्रयोगशाळेने खर्च आणि फिनॉलचा विषारीपणा यांचाही विचार करावा. निष्कर्षणात काय मिळाले याइतकेच काय गमावले हे सांगणारी तुलनाच पुढील संशोधकाला उपयोगी पडेल.