चेहऱ्यावरचा पुरावा

दोन वर्षांपूर्वी विज्ञानदिनानिमित्त एका शाळेत व्याख्यानासाठी गेलो होतो. व्याख्यानाआधी एक छोटा कार्यक्रम ठेवला होता. नववीतील एका मुलाला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. शिक्षकांनी वर्गणी काढून त्याच्यासाठी परदेशी बनावटीचा खास चष्मा मागवला होता. सगळी शाळा पटांगणात बसलेली, समोर रंगीत फुग्यांची कमान, आणि एक सर मोबाइलवर चित्रण करीत उभे. मुलाने चष्मा लावला. फुग्यांकडे पाहिले, मग सरांच्या चेहऱ्याकडे पाहिले, आणि थोडे थांबून म्हणाला, "छान दिसतंय, सर." टाळ्या झाल्या.

हा कार्यक्रम कोठून आला हे वाचकांच्या लक्षात आले असेलच. 'रिअ‍ॅक्शन व्हिडिओ' हा प्रकार आता सर्वांच्या परिचयाचा आहे. अमेरिकेतील फाइन बंधूंनी २०१० मध्ये मुलांच्या प्रतिक्रियांची मालिका सुरू केली. पुढे २०१६ मध्ये 'रिअ‍ॅक्ट' या शब्दावरच व्यापारचिन्ह म्हणून हक्क सांगू पाहिला आणि ओरड झाल्यावर तो मागे घेतला. कोणी गाणे ऐकून चकित होतो, कोणी पहिल्यांदा पाणीपुरी खातो. यात करमणुकीपलीकडे काही नाही आणि माझी तक्रारही नाही. तक्रार आहे ती अशी प्रतिक्रिया शास्त्रीय पुरावा म्हणून समोर येते तेव्हा.

रंगांधांच्या चष्म्याचे व्हिडिओ हे याचे ठळक उदाहरण. २०१५ मध्ये व्हॅलस्पार या अमेरिकी रंग कंपनीने एन्क्रोमा या चष्मे बनवणाऱ्या कंपनीबरोबर असा माहितीपट काढला. त्यानंतर घरोघरी असेच चित्रण होऊ लागले: वाढदिवस, पुडके, चष्मा, अश्रू. अश्रू खोटे आहेत असे मी म्हणत नाही. ते कशामुळे आले, हे मात्र व्हिडिओ सांगत नाही.

आपल्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. त्यांपैकी दोन प्रकार सुमारे ५३० आणि ५६० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतात. यांतील एक प्रकार नसला, किंवा त्याची संवेदनशीलता सरकून दुसऱ्याच्या फार जवळ गेली, की लाल-हिरव्याचा घोळ होतो. चष्म्याची काच या दोहोंच्या सामाईक पट्ट्यातील काही प्रकाश अडवते. काच प्रकाश फक्त वजा करू शकते. नसलेली पेशी ती निर्माण करू शकत नाही. त्यामुळे पूर्वी सारखे वाटणारे दोन रंग वेगळे दिसतील, पण वेगळे वाटणारे दुसरे दोन सारखे होतील. वर्गात याचा पडताळा एका रुपयात घेता येतो. इशिहारा चाचणीच्या तक्त्यावर लाल जिलेटिन कागद धरला की रंगांध विद्यार्थ्याला एरवी न दिसणारे काही आकडे दिसू लागतात. तोच कागद लावून खिडकीबाहेर पाहिले की झाडे काळपट. त्याची दृष्टी सुधारली असे कोणी म्हणेल का?

स्पेनमधील ग्रनाडा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये ४८ रंगांध व्यक्तींवर एन्क्रोमा चष्म्याची तपासणी प्रसिद्ध केली. रंग वेगळे भासले, परंतु रंगदृष्टी सामान्य माणसासारखी झाली नाही. उलट बाजूही सांगितली पाहिजे. २०२० मध्ये अमेरिकेतील डेव्हिस येथील संशोधकांना असे आढळले की असे चष्मे काही दिवस वापरल्यावर, चष्मा काढल्यानंतरही, रंगभेदाची जाणीव वाढते. ज्यांचे तिन्ही शंकुप्रकार शाबूत पण एक सरकलेला असतो, अशा थोड्या लोकांवरचा हा प्रयोग होता. म्हणजे विषय संपलेला नाही. पण या दोन्ही गटांनी मोजमाप केले, अश्रू गोळा केले नाहीत.

दुसऱ्याला काय दिसते हे बाहेरून कळणे अवघड खरेच. पण १७९४ मध्ये जॉन डाल्टनने स्वतःच्या रंगदोषावर निबंध वाचला तो पाहा. जिरॅनियमचे गुलाबी फूल त्याला दिवसा निळे आणि मेणबत्तीच्या प्रकाशात लाल दिसे. त्याने तेच फूल इतरांना दाखवले. असा बदल त्याच्या भावाखेरीज कोणाला जाणवला नाही. कारण त्याने चुकीचे सांगितले: डोळ्यातील द्रव निळा असेल, असा त्याचा कयास. मृत्यूनंतर डोळा तपासला तेव्हा द्रव स्वच्छ निघाला, आणि १९९५ मध्ये जपून ठेवलेल्या डोळ्यातील डीएनएवरून खरे कारण कळले, मधल्या तरंगलांबीच्या शंकूचे रंगद्रव्य नसणे. तर्क पडला, निरीक्षण टिकले. याउलट आपल्या व्हिडिओत तुलनेला साधी रंगीत काच नाही, सामान्य दृष्टीचा माणूस नाही, आणि ज्यांना काहीच वाटले नाही त्यांचे चित्रण कोणी पाठवत नाही. शिवाय मुलाला उत्तर आधीच ठाऊक असते. वर्गणी काढणारे समोर उभे असताना तो दुसरे काय बोलणार?

व्याख्यान संपल्यावर तो मुलगा मला बाजूला भेटला. लिटमस कागदाचा रंग बदललेला शेजारच्या मुलाला विचारूनच लिहितो, म्हणाला. चष्म्यातून तो ओळखता येईल का, असे त्याने विचारले. प्रयोगशाळेत जाऊन दोघांनी पाहिले. आम्लात आणि अल्कलीत बुडवलेल्या पट्ट्या मी पाठीमागे अदलाबदल करून दहा वेळा पुढे केल्या. पाच वेळा बरोबर आले. "हे सरांना सांगू नका," तो म्हणाला.

मी सरांना सांगितले, पण त्याच्यादेखत नाही. ते बराच वेळ गप्प राहिले. मग त्यांनी एवढेच विचारले, की नकाशातल्या लाल-हिरव्या प्रदेशांवर रेघा आणि ठिपके काढून दिले तर चालेल का.