प्रेसिडिओला सातबारा कसा शिकवायचा?

गावातल्या मुलाखतींचे मजकूर दुसऱ्या संशोधकाला द्यायचे असतील, तर आधी त्यातली माणसं झाकावी लागतात. हाताने करायचं तर महिने जातात, म्हणून बरेच जण मायक्रोसॉफ्टच्या प्रेसिडिओकडे वळतात. मुक्तस्रोत आहे, फुकट आहे, आणि त्यात नसलेली ओळख आपली आपण घालता येते. एक रेजेक्स लिहायचा, त्याला ० ते १ मधला एक गुण द्यायचा, आसपास सापडतील असे दोन-चार संदर्भशब्द द्यायचे. झालं.

माझा आक्षेप या ‘झालं’वर आहे.

आधी जे चांगलं आहे ते सांगते. त्यात भारतीय आधार क्रमांक ओळखायची सोय आहे. नुसत्या १२ आकड्यांना ते अगदी किरकोळ गुण देतं, मग व्हरहॉफ पद्धतीने शेवटचा तपासणी आकडा जुळतो का ते बघतं, आणि जुळला की थेट पूर्ण गुण. हुशार आहे. पण यूपीआय व्यवहाराचा संदर्भ क्रमांकही १२ आकडीच असतो, आणि एकच तपासणी आकडा असल्यामुळे असे साधारण दहातले एक क्रमांक निव्वळ योगायोगाने ‘आधार’ ठरतात. तेही चालेल एक वेळ, जास्तीचं झाकलं गेलं तर कुणाचं नुकसान नाही. खरी पंचाईत उलट बाजूला आहे. तो साचा इंग्रजी आकड्यांसाठी लिहिलेला आहे. मराठी टायपिंगमध्ये तोच क्रमांक देवनागरी आकड्यांत आला की सॉफ्टवेअरला तिथे काही दिसतच नाही.

बरं, हे दुरुस्त करणं सोपं आहे. आता जरा अवघड उदाहरण घेऊ: शेतजमिनीचा गट क्रमांक. तुम्ही म्हणाल, यात खासगी काय? गाव आणि गट क्रमांक माहीत असला की महाभूलेखवर सातबारा उघडतो आणि खातेदारांची नावं समोर येतात. समजा, एखाद्या बाईने दिराशी चाललेल्या जमिनीच्या वादाबद्दल तुम्हाला विश्वासाने सांगितलंय. तुम्ही तिचं नाव खोडलंत, पण गाव आणि गट क्रमांक तसाच राहिला. मग तुम्ही नक्की काय झाकलंत?

तर साचा लिहू. आकडे, तिरकी रेघ, आकडे. यात तारखेचा तुकडाही बसतो, अपूर्णांकही बसतो, आणि ‘७/१२’ हे खुद्द उताऱ्याचं नावही बसतं! म्हणून गुण ठेवायचा ०.१ आणि भिस्त संदर्भशब्दांवर. संदर्भशब्द सापडला की मूळ गुणात ०.३५ मिळवले जातात. म्हणजे ०.४ चा उंबरठा ठेवलात तर सगळा निकाल त्या एका शब्दावर.

आणि इथेच मराठी आडवी येते. संदर्भ ताडताना प्रेसिडिओ शब्दाच्या मूळ रूपावर विसंबतं. इंग्रजीत ते रूप स्पेसीचं मॉडेल काढून देतं, मराठीसाठी स्पेसीकडे तसं प्रशिक्षित मॉडेल नाही. मग आपण मजकुरातले शब्द आहेत तसेच पुरवतो. जुळणीची मूळ पद्धत अशी, की दिलेला शब्द दुसऱ्या शब्दाच्या पोटात सापडला तरी पुरे. त्यामुळे ‘सातबारा’ दिला तर ‘सातबाऱ्यावर’ सापडत नाही, कारण सामान्यरूपात शब्दच बदलला. आणि ‘गट’ दिला तर ‘गटातील’ सापडतं खरं, पण ‘गटार’ही सापडतं. ‘गटाराचं काम ३/४ झालं’ या वाक्यातले ३/४ गोपनीय ठरतात. शिवाय नजर टाकली जाते ती आधीच्या पाच शब्दांवर, पुढच्या शून्य. मुलाखत देणारा माणूस ‘४५/२, तो आमचा गट’ असं बोलला की संपलं. ही मापं बदलता येतात, पण त्यासाठी ती आहेत हे आधी माहीत हवं. सोप्या नमुन्यांवर शिकलेल्या माणसाचं तिकडे लक्षही जात नाही.

आणि हे सगळं जमवलं तरी ‘वेशीजवळच्या पिठाच्या गिरणीवाल्याची धाकटी सून’ यासाठी कुठला रेजेक्स लिहाल? अख्ख्या गावाला ती कोण ते कळतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याची व्याख्यासुद्धा आकड्यांच्या रचनेबद्दल बोलत नाही, माणूस ओळखता येतो का एवढंच विचारते.

म्हणून तुम्ही नवा साचा जोडणार असाल तर आधी आपल्याच मजकुराची पन्नासेक पानं हाताने खुणावून घ्या. शक्यतो त्याच तालुक्यातल्या कुणाकडून, कारण गिरणी कुठली ते त्यालाच कळेल. मग सॉफ्टवेअर चालवा, आणि त्याने किती पकडलं ते सोडून काय काय सुटलं त्याची यादी करा. तुमच्या प्रबंधाच्या परिशिष्टात साच्याशेजारी ती यादीही छापा.