सामंत आपल्याच गावचा

‘शांतता! कोर्ट चालू आहे’ वाचलं की राग येतो तो काशीकर आणि सुखात्मे यांचा. तासगावात एस.वाय.ला असताना लायब्ररीतून आणून वाचलं, तेव्हा मलाही त्यांचाच आला. यंदा पुन्हा वाचताना भीती वाटली ती सामंतची.

तेंडुलकरांच्या या १९६७ च्या नाटकात मुंबईची मंडळी प्रयोगासाठी एका गावात येतात. सामंत तिथला साधा, मदतीला तत्पर माणूस. बदली साक्षीदार म्हणून त्याला घेतात आणि कोर्ट कसं चालतं ते त्याला कळावं म्हणून लुटुपुटीचा खटला भरतात. आरोपी लीला बेणारे, अविवाहित शिक्षिका. सामंत हातातल्या कादंबरीतून साक्ष रचतो: दामलेची खोली, बंद दार, आत रडणारी बाई. त्याला वाटतं, खेळच तर आहे. नेमकं तेच खरं ठरतं. दामले मात्र रंगमंचावर येतच नाही.

आमच्या वर्गातली एक मुलगी तेव्हा दोन आठवडे कॉलेजला आली नव्हती. एसटी स्टँडवर कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, “सांगलीला दवाखान्यात गेलीय म्हणे.” एवढंच. बाकीचं गावानं भरलं. ती परीक्षेलाही आली नाही. मुलाचं नाव कुणी काढलं नाही.

नाटकाबद्दल एक तक्रार आहे. बेणारेबाईंना पगार आहे, बोलायला लांबलचक स्वगत आहे. एकोणीस वर्षांच्या मुलीकडे बसचा पास असतो. नाटक आलं तेव्हा गर्भपाताचा कायदाही नव्हता. तो १९७१ चा. त्यातही गर्भनिरोधक फसल्याचं कारण फक्त विवाहितेला सांगता यायचं. २०२१ च्या दुरुस्तीनं ‘नवरा’ जाऊन ‘जोडीदार’ आला, आणि २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं चोवीस आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतही अविवाहितांना घेतलं. अठरा पूर्ण असतील तर तिची एकटीची सही पुरते. डॉक्टरनं तिचं नाव फोडलं तर शिक्षा आहे. मी फोडलं, त्या गप्पा होत्या. (हे सगळं मला वर्गात कुणी शिकवलं नाही. बेणारेबाईंवर दहा मार्कांचा प्रश्न मात्र होता.)

शेवटी सामंत पुतण्यासाठी घेतलेला हिरवा कापडी पोपट तिच्याजवळ ठेवतो आणि निघून जातो. त्यात करुणा आहे, मान्य. पण मला आठवला तो तिला मी महिन्याभरानं पाठवलेला मेसेज: ‘काळजी घे गं.’

ब्लू टिक आली होती.