तैलचित्रातील ग्रामीण आकृती व तिची भूमी

शेतात उभा असलेला माणूस तैलरंगात रंगविणे वरवर सोपे वाटते. आकृती पुष्कळदा साधतेही. परंतु ती जमिनीवर उभी राहत नाही. दोष पद्धतीत आहे. स्टुडिओतील एका खिडकीच्या स्थिर उजेडात मॉडेल बसवून आकृती रंगवायची आणि मागे आठवणीतले रान भरायचे, म्हणजे एकाच चित्रात दोन सूर्य उगवले. उघड्या रानात पांढऱ्या धोतराची सावली नुसती करडी नसते. तिच्यात खालून तांबड्या मातीचा परावर्तित प्रकाश चढतो, आणि खांद्यावर आकाशाची निळसर झाक येते. तैलरंग सावकाश वाळतो, त्यामुळे आकृतीची कडा ओली असतानाच शेताच्या रंगात विरघळविता येते. हा लाभ सोडून दोन्ही भाग वेगवेगळे रंगविले, तर माणूस कातरून चिकटविल्यासारखा दिसतो.

राजा रविवर्मा यांच्या चित्रशाळेत तर ही विभागणी दोन हातांत होती. पार्श्वभूमीच्या कामी निसर्गचित्रकार असलेले धाकटे बंधू सी. राजराज वर्मा यांचे साहाय्य होत असे. रविवर्म्यांच्या आकृतींचे देखणेपण निर्विवाद आहे. त्यांच्या पायांना धूळ मात्र क्वचितच लागते.

अमृता शेर-गिल यांनी १९३५ च्या 'पहाडी स्त्रिया' या तैलचित्रात पार्श्वभूमी जवळजवळ मोकळीच ठेवली. निसर्ग मागे उरला नाही. मातीचा रंग अंगावर आणि वस्त्रांवर आला. प्रस्तुत लेखकास हा मार्ग अधिक प्रामाणिक वाटतो. तथापि त्यातही एक उणीव आहे. या स्त्रिया कोठून, कोणते काम करून आल्या, याविषयी चित्र मुके आहे.

या प्रश्नाला हात घातला तो कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी. पण कॅनव्हासवर नव्हे, पडद्यावर. त्यांच्या 'सावकारी पाश' (१९२५) या मूकपटात शेतकऱ्याची जमीन सावकाराच्या घशात जाते आणि तो शहरात येऊन गिरणीत राबतो. आकृती तीच राहिली, मागची भूमी तेवढी गेली.

दादरच्या हिंदमातेपासून परळ-लालबागपर्यंत कोकणातून व घाटावरून आलेला हा माणूस पिढ्यान्‌पिढ्या वावरत होता. १९८२ च्या संपानंतर त्याच्या मागच्या गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. ग्रामीण आकृतीच्या अभ्यासासाठी विद्यार्थ्यास अद्यापि गावी जाण्यास सांगितले जाते. धोतर नेसलेल्या त्याच माणसाच्या मागे गिरणीचे धुराडे रंगवावे, आणि त्या धुरकट उजेडात धोतराची सावली कोणत्या रंगाची होते ते पाहावे, असे सांगणारा शिक्षक माझ्या पाहण्यात आला नाही.