निळ्या पेल्यातली विज्ञानकथा

दिवाळी अंकात पाककृतींची पाने वेगळी आणि समीक्षेची पाने वेगळी, असा आपला जुना रिवाज आहे. या लेखात मी तो मुद्दाम मोडणार आहे. विज्ञानकथेत किंवा विज्ञानपटात आलेले एखादे पेय घरी तयार करावे, त्याच्याभोवती दिव्यांचा, पोशाखांचा थाट मांडावा आणि मित्रमंडळींना ते पाजावे, ही पाश्चात्त्य हौस आता आपल्याकडेही आली आहे. परदेशी गेलेली आपली मुले सुटीत घरी येतात तेव्हा तिची वर्णने कानी पडतात. कोणी याला पोरखेळ म्हणेल. मला तसे वाटत नाही. कथेतले पेय पेल्यात उतरवणे हे नाटक रंगभूमीवर आणण्यासारखेच आहे. करणाऱ्याने मूळ संहिता कशी वाचली, हे त्यात उघडे पडते. म्हणूनच समीक्षेचे निकष त्यालाही लावता येतात.

आता मी हे लिहितो आहे ते वडोदरा जिल्ह्यातल्या सावलीहून. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचा वारसा १९६० साली गुजरात राज्याने स्वीकारला आणि गिफ्ट सिटीसारखे अपवाद सोडले तर तो आजही चालू आहे. म्हणजे कॉकटेल या शब्दातला पहिलाच घटक इथे वर्ज्य! ही अडचण आहे खरी, पण समीक्षकाला ती सोयीची आहे. पेयातून मद्य वजा केले की त्यातली विज्ञानकथा किती आणि नुसती नशा किती, याचा हिशेब चटकन लागतो.

प्रथम मूळ ग्रंथांकडे वळू. इंग्रजी विज्ञानसाहित्यातले सर्वांत गाजलेले पेय डग्लस ॲडम्सचे. त्याची 'हिचहायकर्स गाइड टू द गॅलॅक्सी' ही कलाकृती १९७८ साली बीबीसीच्या नभोवाणीवर आली आणि १९७९ साली पुस्तकरूपाने निघाली. तिच्यातल्या 'पॅन गॅलॅक्टिक गार्गल ब्लास्टर'ची पाककृती ॲडम्स सविस्तर देतो. परग्रहाच्या समुद्राचे पाणी, दलदलीतला वायू, विरघळणारा वाघाचा दात असे एकेक अशक्य जिन्नस पडत जातात आणि सर्वांच्या शेवटी पडते एक साधे ऑलिव्ह. विनोद आहे तो त्या ऑलिव्हमध्ये. अवघे विश्व पालथे घातले तरी माणूस आपल्या गावच्या खानावळीतली सवय सोडत नाही, हे ॲडम्सला सांगायचे आहे.

जॉर्ज ऑर्वेलच्या १९४९ सालच्या '१९८४' मधली 'व्हिक्टरी जिन' याच्या अगदी उलट. ती सरकारी, उग्र, डोळ्यांत पाणी आणणारी. नावात विजय आणि चवीत पराभव. आल्डस हक्सलीने १९३२ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'मध्ये आपल्याच परंपरेतला शब्द उचलला. ऋग्वेदाचे अख्खे नववे मंडल ज्या सोमाला वाहिले आहे, त्याचे नाव त्याने एका गोळीला दिले. ऋषींचा सोम देवांना आवाहन करतो, तर हक्सलीचा सोमा माणसाला प्रश्न विचारू देत नाही. या तिन्ही ठिकाणी पेय किंवा गोळी ही शोभेची वस्तू नाही. त्या समाजाविषयी लेखकाने दिलेला तो निकाल आहे.

घरगुती पेल्यात या निकालाचे काय होते? बहुतेक पाककृतींचा सारांश एकच निघतो : एखादे पांढरे मद्य घ्यावे आणि त्यात 'ब्लू क्युरासाओ' ओतावे. हे क्युरासाओ म्हणजे संत्र्यासारख्या एका फळाच्या सालीचा अर्क, त्याचा निळेपणा केवळ वरून घातलेल्या रंगाचा. त्याच निळ्या पाण्याला एके ठिकाणी 'स्टार ट्रेक'मधली रोम्युलन एल म्हणायचे आणि दुसरीकडे त्यात साय घालून १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधले निळे दूध म्हणायचे. नावाच्या चिठ्ठ्या बदलल्या तर पिणाऱ्याला फरक कळणार नाही. जे वाचन कोणत्याही कथेला चालते, ते कोणत्याच कथेचे नसते. वर्गात मुले एकाच निबंधाला 'माझा आवडता प्राणी' आणि 'माझा आवडता नेता' अशी दोन्ही शीर्षके देतात, त्यातलाच हा प्रकार!

रोम्युलन एलविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण ती आपल्या दाराशी येते. १९८२ च्या दुसऱ्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात डॉक्टर मॅकॉय कॅप्टन कर्कला वाढदिवसाची भेट म्हणून ही बाटली देतो. ती कायद्याने निषिद्ध आहे, हीच त्या भेटीची लज्जत. १९९१ च्या सहाव्या चित्रपटात तीच एल शत्रूबरोबरच्या मेजवानीत वाहते आणि दुसऱ्या दिवशी डोके धरून बसण्यापलीकडे कोणाचे काही बिघडत नाही. निषिद्ध वस्तूची गंमत तेवढी घ्यायची आणि किंमत मोजायची नाही, असा हा सौदा आहे.

गुजरातमध्ये राहणाऱ्या वाचकाला हा विनोद तितक्या सहज पचत नाही. जुलै २००९ मध्ये अहमदाबादेत विषारी दारूने सव्वाशेहून अधिक माणसे गेली. जुलै २०२२ मध्ये बोटाद आणि अहमदाबाद जिल्ह्यांच्या खेड्यांत चाळीसहून अधिक गेली. तिथे कारखान्याच्या कामाचे मिथाइल अल्कोहोल चोरून, पाण्यात मिसळून विकले गेले होते. मिथाइल अल्कोहोलचे शरीरात फॉर्मिक आम्ल होते आणि ते डोळ्यांच्या मज्जातंतूवर आघात करते. माणूस वाचला तरी दृष्टी जाऊ शकते. आपल्या जगातल्या निषिद्ध पेयाचा हा रंग निळा नाही, काळा आहे. बंदी असावी की नसावी हा वाद इथे मांडत नाही. एवढेच म्हणतो की बंदी मोडणाऱ्या पेयाची मौज लिहिताना त्या बंदीखाली कोण मरतो, हे जी कथा विचारत नाही, ती त्या जागी उथळ आहे. ऑर्वेल विचारतो. 'स्टार ट्रेक' त्या पेल्यापुरता विचारत नाही.

मग आपली मराठी विज्ञानकथा काय पिते? तिचा इतिहास लहान नाही. कोचीहून निघणाऱ्या 'केरळ कोकिळ' मासिकात ज्यूल व्हर्नची चंद्राची सफर मराठीत आली, तीही विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीने ही पहिली पायरी चढावी, याचा आम्हा बाहेरच्यांना अभिमान वाटावा. पुढे १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी स्वतःची आद्याक्षरे उलटी करून 'नारायण विनायक जगताप' या नावाने 'कृष्णविवर' ही कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. १९७९ ला 'यक्षांची देणगी' हा संग्रह आला. २०२१ च्या नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. मे २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा आपल्या भाषेतला एक मोठा शिक्षक गेला, असे मला वाटले.

नारळीकरांचा गुण कोणता? चमत्कार नियमाने घडवणे. त्यांच्या लेखनातले नवल कारणावाचून येत नाही. पण त्यांच्यासह या साऱ्या परंपरेची एक उणीवही सांगितली पाहिजे. प्रबोधनाचा वसा घेतल्यामुळे आपल्या विज्ञानकथेला डोळे आहेत, बुद्धी आहे, जीभ मात्र बेताची आहे. तिथली माणसे बोलतात पुष्कळ, समजावतात त्याहून पुष्कळ आणि पितात बहुधा चहा. गार्गल ब्लास्टरसारखे, पुस्तक न वाचलेल्यालाही ठाऊक असणारे एकही पेय तिने दिलेले नाही. ही उणीव क्षुल्लक वाटेल. पण चव आणि वास यांच्या आठवणीनेच परके जग वाचकाच्या घरात उतरते.

कथेने पेय दिले नसेल, तर वाचकाने ते तयार करावे. कृष्णविवराचे वाचन म्हणून मी एक पेय सुचवतो. त्यात मद्य नाही आणि बाटलीतला रंगही नाही.

कुंपणावरच्या गोकर्णाच्या वेलीची आठदहा वाळलेली निळी फुले कपभर गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवावीत, गाळून पाणी गार करावे. पांढऱ्या गोकर्णाचा इथे उपयोग नाही. चमचाभर सब्जा, ज्याला इथे बाजारात तकमरिया म्हणतात, वीस मिनिटे भिजत घालावा. उंच काचेच्या पेल्यात तळाला दोन मोठे चमचे दाट अमृतकोकम घालावे, त्यात चिमूटभर जिरेपूड. त्यावर बर्फाचे खडे, मग भिजलेला सब्जा. शेवटी चमचा पालथा धरून त्याच्या पाठीवरून निळे पाणी अगदी हळू सोडावे. ढवळू नये. धूर हवा म्हणून कोरडा बर्फ घालण्याचा मोह टाळावा, कारण त्याचे तापमान उणे ७८ अंश असते आणि तो खडा तोंडात गेला तर इजा होते.

आता पेल्याकडे पाहा. पाक जड म्हणून तळाशी राहतो. कोकम आंबट आहे आणि गोकर्णाचा रंग शाळेतल्या लिटमससारखा आम्लाला ओळखतो, त्यामुळे जिथे निळे आणि तांबडे भेटतात तिथे जांभळी कडा उमटते. सब्जाचे दाणे निळ्यातून खाली येतात आणि जड पाकाच्या काठावर थबकतात. जांभळा रंग अतिशय संथपणे वर पसरतो. कृष्णविवराच्या जवळ काळ दुरून पाहणाऱ्याला संथ झालेला दिसतो आणि त्याला एक काठ असतो, ज्याच्या आतून काही परतत नाही. हे सारे पेल्यात सिद्ध होत नाही, पण सुचते. शिवाय प्रत्येक बदलाला कारण आहे, जे मुलाने विचारले तर सांगता येते. ब्लू क्युरासाओला 'तू निळा का?' असे विचारले तर 'मला रंगवले म्हणून' यापलीकडे उत्तर नाही.

कोणी म्हणेल, हे तर सरबत झाले, कॉकटेल कुठे? मान्य आहे. परंतु कॉकटेलचा अर्थ भिन्न रसांचे जाणते मिश्रण असा घेतला, तर कोकणचे कोकम, कुंपणावरचे गोकर्ण आणि गुजराती दुकानातले तकमरिया यांहून योग्य मिश्रण आमच्यासारख्या दुभाषी घरांना दुसरे कोणते?

या घरांचाच मला खरा घोर आहे. पिलाजीराव गायकवाडांची १७३२ साली डाकोरला हत्या झाली आणि त्यांच्या माणसांनी देह सावलीला आणून इथे अग्नी दिला. मराठी या गावाला इतकी जुनी ओळखीची आहे. पण आज इथल्या मराठी घरातले मूल गुजरातीत नाहीतर इंग्रजीत शिकते, मराठी बोलते आणि मराठी वाचत नाही. त्याला 'स्टार वॉर्स' ठाऊक आहे, 'कृष्णविवर' ठाऊक नाही. त्याच्या हाती पुस्तक ठेवून 'वाच' म्हटल्याने तो वाचणार नाही, हे शिक्षक म्हणून मी रोज पाहतो. पेल्यातली जांभळी कडा पाहून मात्र तो 'असे का होते?' असे नक्की विचारील. त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर द्यावे आणि उरलेल्या अर्ध्यासाठी नारळीकरांचे पुस्तक पुढे करावे. चकली-कडबोळ्यांच्या ताटाशेजारी या दिवाळीत हा पेला ठेवायला काय हरकत आहे?