मरणाचे सूर

मृत्युगीताची पारख करताना आम्ही प्रथम एकच विचारतो : हे गाणे कुणासाठी गायले जाते? व्हेर्दीचा 'रेक्विएम' कादंबरीकार मान्झोनी यांच्या प्रथम स्मृतिदिनी, २२ मे १८७४ रोजी, मिलानच्या सान मार्को चर्चमध्ये सादर झाला. त्यातील न्यायदिनाच्या कडव्यांत मोठा ढोल असा कडाडतो, की ऐकणारा मृताला विसरून स्वतःच्याच जिवाला जपू लागतो. नाट्य थोर खरे. शवपेटीजवळ मात्र आम्हांस ते परके वाटते. (तीच कडवी १९६९ च्या अंत्यविधीतून चर्चने वगळली, याचे आम्हांस दुःख नाही.) फोरेने १८८८ मध्ये, पॅरिसच्या मादलेन चर्चमध्ये, ती जवळजवळ सगळी गाळली होती. उरली ती विसाव्याची याचना, आणि अखेरीस देवदूतांच्या हाती आत्म्याची पाठवणी. लेकीच्या पाठवणीचा हळवेपणा त्यात आहे, हुंदका मात्र नाही.

तुकोबांचा अभंग आणखी पुढे जातो. तेथे गाणाराच आपले मरण पाहतो, आणि पाहून आनंदतो. त्यास ढोल नको, वृंद नको, टाळ पुरे.

कलेच्या मापाने कदाचित व्हेर्दीच श्रेष्ठ ठरेल. पण आमच्या घरचे माणूस गेले, तर गायनवृंदाकडे आम्ही फोरे मागू, आणि रात्री अंगणात तुकोबा.