गुळवेल: आधी छेद शोधा

पेट परीक्षेची तयारी करताना बऱ्याच जणांनी विचारलं की पेपरची चिकित्सा म्हणजे नेमकं करायचं काय. विषय म्हणून गुळवेल घेऊ. २०२० मध्ये बोरिवली-मुलुंडच्या कितीतरी सोसायट्यांत कडुनिंबावर चढलेल्या वेली लोकांनी बुडापासून कापून नेल्या, आणि आजही सर्दी-तापात पहिला काढा तिचाच होतो. म्हणजे या पेपरांचं उत्तर तुमच्या स्वयंपाकघरात येऊन बसलेलं आहे.

सुरुवात केईएमपासून करू. १९९३ साली इंडियन जर्नल ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीत डॉ. शरदिनी डहाणूकर (हो, ललित लिहिणाऱ्या त्याच) आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. पित्तनलिका अडल्यामुळे कावीळ झालेले ३० रुग्ण, दोन गट. एकाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला त्याशिवाय गुळवेल. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचं प्रमाण ४० टक्के विरुद्ध ९२.४ टक्के. हा आकडा वाचून माणूस थक्क होतो, आणि नेमकं तिथेच थांबायचं असतं.

कॅल्क्युलेटर काढा. गट निम्मे-निम्मे धरले तर १५ जणांचे ९२.४ टक्के म्हणजे १३.८६ माणसं! तेव्हा छेद १५ नसावा. सर्वांत जवळ जाणारा अपूर्णांक १३ पैकी १२. शब्द ‘शस्त्रक्रियेनंतर’ असा आहे, मग शस्त्रक्रियेपर्यंत न पोचलेले रुग्ण कुठे मोजले? शिवाय एवढ्या लहान गटात दोन माणसं इकडची तिकडे झाली की टक्केवारी कोसळते. हा पेपर मला आवडतो, पण तो पुढच्या मोठ्या चाचणीची पायरी आहे, निकाल नाही.

आता त्यातलं खरं महत्त्वाचं वाक्य, जे कुणी सांगत नाही: निचरा झाल्यावर दोन्ही गटांत यकृताचं काम सारखंच होतं. फरक पडला तो जंतू गिळणाऱ्या आणि मारणाऱ्या पांढऱ्या पेशींत. ‘गुळवेल कावीळ बरी करते’ असं या पेपरच्या नावावर सांगणाऱ्यानं गोषवारासुद्धा पूर्ण वाचलेला नाही.

नागपूरची २००५ची चाचणी साध्या आजारावरची आहे: ॲलर्जीची सर्दी, ७५ रुग्ण, आठ आठवडे, प्लासिबोशी तुलना. गुळवेल घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांच्या शिंका पूर्ण थांबल्या. प्लासिबोवर ७९ टक्क्यांना काहीच फरक नाही. मला खटकतं ते हे दुसरं. ॲलर्जीची सर्दी हवेनुसार आपोआपही कमी-जास्त होते, मग आठ आठवड्यांत इतक्यांना जराही आराम नाही? गुळवेल तर जबर कडू. प्लासिबोची गोळी चवीला तशीच होती का, हे पद्धतीच्या भागात शोधा.

मग २०२१. मुंबईच्या डॉ. आभा नागराल आणि सहकाऱ्यांनी सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मधले सहा रुग्ण मांडले, गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेले. आयुष मंत्रालयानं हे दिशाभूल करणारं म्हटलं: वनस्पतीची ओळख पटवलेली नाही, तिच्यासारखीच दिसणारी दुसरी जात असू शकते. आक्षेप शास्त्रीय आहे, उडवून लावू नका. पण तो दोन्ही बाजूंनी कापतो. जाणकारही फसतील इतक्या या वेली सारख्या असतील, तर सोसायटीच्या झाडावरून कापून काढा करणाऱ्याला कुठली सुरक्षितता उरते? आणि ऑक्टोबर २०२० च्या सरकारी कोविड नियमावलीत गुळवेलीच्या घनवटीचा समावेश होता, हेही विसरू नका. आपलीच शिफारस असलेल्या औषधाबद्दल कोण बोलतंय, हे बघावंच लागतं.

सहा रुग्णांवरून धोक्याचं प्रमाण मात्र काढता येत नाही, कारण किती लाख लोकांनी ती घेतली हा छेदच नाही. अशी मालिका ‘हे घडू शकतं’ एवढंच सांगते. २०२२ मध्ये देशभरातल्या १३ केंद्रांनी ४३ रुग्ण एकत्र केले. घेणं सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा मध्यक ४६ दिवस, ६७.४ टक्क्यांत कार्यकारणभाव ‘संभाव्य’ ठरला. (४३ पैकी २९. इथे हिशोब जुळतो!) ‘संभाव्य’ हा शब्द गुणांकनातून येतो: कालक्रम, बंद केल्यावर सुधारणा, इतर कारणं वगळणं. उरलेल्यांत खात्री त्याहून वेगळ्या पातळीची, हे लक्षात असू द्या.

यात बरेच रुग्ण आधीचा यकृतविकार बळावलेले होते, आणि काहींत शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटल्याच्या खुणा होत्या. आता १९९३ शेजारी ठेवून बघा. पांढऱ्या पेशींना चेतवण्याचा जो गुण तिथे कामी आला, तोच ज्याची प्रतिकारशक्ती आधीच आपल्यावर उलटायच्या बेतात आहे त्याला महाग पडत असेल, हे तर्काला धरून आहे. पण तर्क तो तर्क. चाचणीत कुणी दाखवलेलं नाही.

तुमच्यापैकी कुणी यावर प्रस्ताव लिहिणार असेल तर ‘गुळवेल चांगली की वाईट’ हा प्रश्न घेऊ नका. उपनगरातल्या ओपीडीत काढा घेणाऱ्यांची आधीच नोंद करा, सुरुवातीलाच यकृताची तपासणी करा, वेलीचा तुकडा बाटलीत जपून ठेवा आणि ४६ दिवसांच्या पुढे, निदान तीन महिने, त्यांच्या मागे लागा.